ऑर्किडलाही ताण द्यावा लागतो

फलटण, माण, खटाव, आटपाडी या पट्ट्यातल्या डाळिंबवाल्याला ताण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडायचं, पानं पिवळी पडून गळू द्यायची, झाड उघडंबोडकं दिसलं तरी मन घट्ट करायचं आणि वेळ आली की मगच पहिलं पाणी सोडायचं. पण याच घरात हौसेनं आणलेल्या ऑर्किडची पानं दिवाळीनंतर पिवळी पडू लागली, की सगळ्यांचा धीर सुटतो. पाणी वाढवलं जातं, चिमूटभर युरिया पडतो, कुंडी गच्चीतून व्हरांड्यात आणि व्हरांड्यातून दिवाणखान्यात फिरते. महिन्याभरात मुळ्या कुजतात आणि ‘फलटणच्या हवेत ऑर्किड जगत नाही’ असा निकाल लागतो.

हवेचा दोष यात निम्माच आहे.

ऑर्किड म्हणजे बारमाही हिरवं, बारमाही ओलं झाड, हा समज भेटीदाखल मिळणाऱ्या फॅलेनॉप्सिसनं पसरवला. त्याला विश्रांतीचा हंगाम नसतो आणि त्याच्या मुळ्या फार दिवस कोरड्या ठेवून चालत नाहीत. पण ज्या उष्ण प्रदेशांत चार महिने पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने थेंब पडत नाही, तिथल्या कितीतरी ऑर्किडांची रीत वेगळी आहे. पावसात झपाट्यानं वाढायचं, फुगीर खोडात पाणी आणि अन्न साठवायचं, पाऊस सरला की पानं टाकायची आणि पुढच्या हंगामापर्यंत गप्प पडून राहायचं. या गप्प राहण्यातच पुढच्या फुलांची तयारी असते. अशा झाडाला वर्षातला कोरडा भाग फलटण फुकट देतं. ओला भाग मात्र माणसाला हातानं उभा करावा लागतो, आणि सगळी मेहनत तिथे आहे.

याचा नमुना बघायला लांब जायला नको. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, जावळी आणि पाटण तालुक्यांत, कोयनेच्या रानात डेंड्रोबियम बार्बॅट्युलम नावाचं ऑर्किड झाडांच्या फांद्यांवर वाढतं. पश्चिम घाट हेच त्याचं घर. पावसाळ्यात त्याच्या कांड्या हिरव्या पानांनी भरलेल्या असतात. हिवाळ्यात पानं झडतात आणि फांदीवर फक्त पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, करड्या, सुरकुतलेल्या काड्यांचा झुपका उरतो. जळणाच्या ढिगात कुणी टाकला तर ओळखू येणार नाही असा. मग जानेवारी ते मार्चच्या दरम्यान त्याच वाळक्या दिसणाऱ्या काड्यांच्या शेंड्याकडच्या पेरांतून पांढऱ्या, कधी किंचित गुलाबी छटेच्या फुलांचे घोस बाहेर पडतात. हिरवं पान एकही नसतं. त्याचाच लहान चणीचा भाऊबंद डेंड्रोबियम ओव्हॅटम हाही तसाच, बिनपानांचा फुलतो. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९६६ साली आलं, त्याच्या आधीपासून वनस्पतिशास्त्राला या झाडांची चांगली ओळख आहे. गावात मात्र आजही पुष्कळ जण त्यांना बांडगूळच म्हणतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं. ऑर्किड फांदीवर नुसतं बसायला जागा घेतं, रसाचा एक थेंबही घेत नाही.

आता कोयनेचं रान आणि फलटण यांतला फरक नीट बघायला हवा, कारण संगोपनाचं सगळं वेळापत्रक त्यावर ठरतं. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि फलटणला जेमतेम पाचशेच्या आसपास. हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पावसाची वेळही वेगळी आहे, ही गोष्ट सहसा लक्षात येत नाही. घाटावर जोर असतो जुलै-ऑगस्टमध्ये. फलटणला त्या दोन महिन्यांत ढग येतात, वारा सुटतो, भुरभुर होते आणि खरा पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीच्या वाटेवर पडतो. म्हणजे ऑर्किडला पाणी हवं तेव्हा आभाळ कोरडं, आणि पाणी तोडायची वेळ आली की धो धो. जूनपासून ‘पाऊस आहे ना’ म्हणून कुंडी उघड्यावर सोडून दिली तर झाड आधी उपाशी राहतं आणि मग नको त्या वेळी भिजतं.

झाड घरी आणल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा नाही, जातीचा आहे. रोपवाटिकेत ‘डेंड्रोबियम’ म्हणून सर्रास मिळतं ते जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं, सोनिया जातीसारखं संकरित झाड. त्याची पानं जाड, चामड्यासारखी असतात आणि फुलांचा दांडा कांडीच्या टोकाजवळून निघतो. ते सदाहरित आहे. हिवाळ्यात त्याचं पाणी कमी करावं, पण तोडू नये. ज्याची पानं त्या मानानं पातळ असतात, थंडीत पिवळी पडून गळतात आणि फुलं उघड्या कांडीच्या पेरापेरांतून येतात, ते ताणाचं झाड. डेंड्रोबियम नोबिले आणि त्याचे संकर, लांब लोंबत्या कांड्यांचं डेंड्रोबियम अ‍ॅफिलम, सुवासिक डेंड्रोबियम अ‍ॅनोस्मम ही या गटातली, विक्रीला मिळणारी नावं. सीतेची वेणी म्हणून ओळखलं जाणारं ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा आपल्या घाटात वाढतं, पण ते पानं टाकत नाही. त्याला ताणाच्या झाडांत धरू नये. विकणाऱ्याकडून शास्त्रीय नावाची पट्टी मागून घ्यावी. नाव सांगता येत नसेल तर ते झाड स्वस्तातही घेऊ नये.

डेंड्रोबियम लावायला माती लागत नाही. मातीत ते मरतं. लोणारी कोळशाचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तेवढेच तुकडे निम्मे-निम्मे घ्यावेत. सोडणात मीठ असतं, म्हणून ते दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवून मगच वापरावेत. कुंडी लहान असावी, चार-पाच इंचांची. मोठ्या कुंडीत झाड बुटक्यासारखं हरवतं आणि मधला भाग कधी वाळतच नाही. पुण्या-मुंबईचे जाणकार भोकं पाडलेली मातीची कुंडी सुचवतात. फलटणच्या वाऱ्यात ती दुपारपर्यंत ठणठणीत कोरडी होते, त्यामुळे इथे प्लॅस्टिकची, बुडाला भरपूर भोकं असलेली कुंडी बरी. अंगणात आंबा किंवा जांभूळ असेल तर झाड थेट खोडावर सुती दोरीनं बांधता येतं. पेरू आणि निलगिरी नको, त्यांची साल सुटते आणि सालीबरोबर ऑर्किडही.

हंगामाची सुरुवात वळवानं होते आणि घाई तिथेच नडते. पहिला वळीव पडला, हवा गार झाली, बुडाशी बोटाच्या पेराएवढा नवा फुटवा दिसला की हात आपोआप झारीकडे जातो. तो आवरावा. नव्या फुटव्याला सुरुवातीला स्वतःच्या मुळ्या नसतात. तो जुन्या कांडीतल्या शिदोरीवर जगतो. त्या अवस्थेत कुंडी ओली ठेवली तर फुटवा बुडातून काळा पडतो. आठवड्यातून दोनदा सकाळी हलका फवारा पुरतो. फुटव्याच्या बुडातून नव्या मुळ्या निघून बोटभर झाल्या, की पाणी वाढवत न्यावं. फलटणकरांना यासाठी पंचांग बघायला नको. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत आषाढाच्या सुरुवातीला फलटणच्या विमानतळावर मुक्कामाला येते, तोवर बहुतेक डेंड्रोबियमच्या मुळ्या पुरेशा झालेल्या असतात. तिथून गौरी-गणपतीपर्यंत हात सैल सोडावा: रोज सकाळी भरपूर पाणी, आणि वारा कोरडा असेल त्या दिवशी संध्याकाळच्या आत आणखी एकदा. मुळीवर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडी असली की ती रुपेरी पांढरी दिसते, भिजली की काही क्षणांत हिरवट होते. सगळ्या मुळ्या हिरव्या होईपर्यंत पाणी घालावं, यापेक्षा अचूक माप नाही.

खताला कृषी सेवा केंद्रातली १९:१९:१९ ची पुडी पुरते. लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही मुळ्या साध्या पाण्यानं भिजवून झाल्यावर. द्राक्षाच्या, उसाच्या हिशेबानं डोस देऊ नये. ऑर्किडच्या मुळ्या लगेच जळतात. गणपती उठले की हे खत बंद. त्यानंतर दिलेलं नत्र फुलांच्या मुळावर येतं: ज्या पेरातून कळी निघायची तिथून मुळ्यांसकट छोटं पिल्लू फुटतं. पिल्लू लावून नवं झाड होतं हे खरं, पण वर्षाची फुलं गेली. सप्टेंबरात एक-दोनदा ०:५२:३४ अर्धा ग्रॅम दिलं तर कांडी पक्व व्हायला मदत होते. नाही दिलं तरी बिघडत नाही.

पाणी कसलं, हा फलटणमधला अवघड प्रश्न आहे. बोअरचं पाणी जड असतं. कूलरच्या जाळीवर आणि बादलीच्या कडेला जो पांढरा थर बसतो, तोच मुळ्यांवर बसतो आणि त्यांची टोकं करपतात. पावसाचं पाणी सर्वांत चांगलं. पत्र्याच्या पन्हळीखाली दोनशे लिटरचं पिंप ठेवलं तर दहा-बारा कुंड्यांची बरीच सोय होते. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. आरओ यंत्राचं शुद्ध पाणी चालतं, पण त्याच यंत्रातून वाया जाणारं पाणी कधीच घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात. बचतीच्या नादात ही चूक पुष्कळ घरांत होते. बोअरशिवाय इलाज नसेल तर निदान आठवड्यातून एकदा साठवलेल्या पावसाच्या पाण्यानं कुंडी धुऊन काढावी.

नवरात्रापासून पाणी कमी करत न्यावं: आधी दिवसाआड, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. कांडीच्या टोकाला नवं पान यायचं थांबून शेवटचं पान आखूड, गोलसर निघालं की वाढ पुरी झाली असं समजावं. परतीचा पाऊस याच दिवसांत असतो, म्हणून कुंड्या पत्र्याखाली किंवा व्हरांड्यात घ्याव्यात. दिवाळीच्या सुमारास पाणी तोडावं. पानं पिवळी पडतील, गळतील, पडू द्यावीत. ओढून काढू नयेत.

दिवाळी ते महाशिवरात्र या काळात झाडाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि थंडी. रानात या दिवसांत खालच्या झाडाचीही पानं झडतात आणि ऑर्किडला लख्ख ऊन मिळतं. घरीही कुंडी पूर्वेच्या कोवळ्या उन्हात, अकरापर्यंत ऊन लागेल अशा जागी ठेवावी. डिसेंबर-जानेवारीत फलटणला पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, याचा इथल्या माणसानं पुरेपूर फायदा घ्यावा. डेंड्रोबियम नोबिलेला कळ्या धरायला काही आठवडे पंधरा अंशांखालच्या रात्री लागतात. मुंबईकर त्यासाठी झुरतो, फलटणकराला त्या अंगणात मिळतात. थंडी वाजेल म्हणून कुंडी घरात घेणं म्हणजे आलेली फुलं परत पाठवणं.

इथे एक सावधगिरी हवी. कोयनेच्या रानात पाऊस नसला तरी पहाटे धुकं उतरतं, सालीवर दव साचतं, आणि पानं नसलेलं ऑर्किडही मुळ्यांवाटे थोडी ओल टिपतं. फलटणची कोरड त्याहून कडक आहे. म्हणून आठ-दहा दिवसांनी एकदा, सूर्य उगवायच्या सुमारास, कांड्यांवर आणि मुळ्यांवर बारीक फवारा मारावा, तासाभरात सुकेल इतकाच. कांडीवर उभ्या रेघा, हलक्या सुरकुत्या येणं योग्य. कांडी चिपाडासारखी चपटी व्हायला लागली तर एकदा कुंडी भिजवावी. दाबल्यावर टणक लागते ती कांडी जिवंत, पोकळ आणि तपकिरी लागते ती मेलेली. जिवंत पण उघड्या कांड्या कात्रीनं ‘साफ’ करण्याची हौस अनेकांना असते. त्या कापल्या की फुलंही गेली आणि नव्या फुटव्याची शिदोरीही. पेरांवर मोहरीएवढ्या गाठी दिसल्या तरी लगेच पाणी सुरू करू नये. गाठ फुगून तिचा कळीचा आकार स्पष्ट झाला की थोडं-थोडं द्यावं.

मार्च ते मे हा खरा कसोटीचा काळ. चाळीस अंशांची दुपार, कोरडा वारा, गच्चीच्या सिमेंटचा ताव. पन्नास टक्क्यांच्या हिरव्या शेडनेटवर काम भागत नाही, पंचाहत्तर टक्क्यांची लागते किंवा दुहेरी. गच्चीपेक्षा जमिनीवरची, पूर्वेची किंवा उत्तरेची पडवी कधीही चांगली. कुंड्यांखाली वाळूचा वाफा करून तो संध्याकाळी भिजवावा, झाड नव्हे. पश्चिमेच्या उन्हात एक दुपार विसरलेली कुंडी वर्षभर भरून येत नाही.

थोडी उमेद असलेल्यांनी कॅटासेटम करून बघावं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं हे ऑर्किड आता भारतातल्या ऑर्किड विक्रेत्यांकडे मिळतं. पानं मोठी, पातळ, घड्या असलेली; बुडाला फुगीर खोड; थंडीत सगळी पानं गळून नुसते लांबट कांद्यासारखे गोळे उरतात. त्याच्या नर फुलातल्या केसासारख्या तंतूला मधमाशीचा धक्का लागला की परागांचा गोळा नेम धरून तिच्या पाठीवर फेकला जातो आणि तिथे चिकटतो. कॅटासेटमची नर, मादी आणि उभयलिंगी फुलं इतकी वेगळी दिसतात, की शास्त्रज्ञांनी त्यांना तीन निरनिराळ्या वंशांची नावं दिली होती. १८६२ साली चार्ल्स डार्विननं तो गोंधळ सोडवला. याचं पाणी मात्र डेंड्रोबियमच्या वेळापत्रकानं देऊ नये. फुटवा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि फलटणच्या उन्हाळ्यात पाणी रोखून धरणं जिवावर येतं, तरी रोखावंच. बुडातून निघालेल्या पांढऱ्या, हिरव्या टोकाच्या मुळ्या तीन इंचांच्या होईपर्यंत एक थेंबही नाही. त्यानंतर मात्र झाड अधाशी होतं, रोज पाणी आणि आठवड्याला खत मागतं. स्फॅग्नम मॉसमध्ये लावलं तर इथल्या हवेत ओल टिकते. पातळ पानांवर लाल कोळी लवकर येतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक रुपेरी ठिपके दिसले की पाण्याच्या जोरकस फवाऱ्यानं खालून पान धुवावं. न हटल्यास लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल, थोडं साबणपाणी मिसळून, उन्हं उतरल्यावर फवारावं. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड डेंड्रोबियमच्या वाळक्या आवरणाखाली लपते, तिथे जुना टूथब्रश औषधापेक्षा जास्त काम करतो.

जमिनीत कंद करून राहणाऱ्या हॅबेनेरिया या ऑर्किडांचा मोह कास पठार बघून आलेल्या प्रत्येकाला होतो. घाटावरच्या सड्यांवर पावसाच्या सुरुवातीला जमिनीला चिकटलेलं एक रुंद पान आणि त्यावर पांढऱ्या फुलांचा तुरा दिसतो. काही आठवड्यांत सगळं जमिनीत गडप होतं. हा कंद उकरून आणून कुंडीत जगत नाही. त्याचं जगणं त्या मातीतल्या विशिष्ट बुरशीशी बांधलेलं असतं आणि ती बुरशी पिशवीतून येत नाही. हौस असेल तर रोपवाटिकेत वाढवलेली परदेशी हॅबेनेरिया घ्यावी. तिचा जुना कंद दरवर्षी संपतो, शेजारी नवा तयार होतो. पान वाळलं की कुंडी घरातल्या गार, कोरड्या कोपऱ्यात ठेवावी आणि वर ठळक अक्षरांत ‘आत कंद आहे’ असं लिहावं. रिकामी कुंडी समजून माती ओतून दिल्यानं जेवढ्या हॅबेनेरिया मरतात, तेवढ्या रोगानं मरत नसतील.

रानातलं डेंड्रोबियमही आणू नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानातून कुठलीही वनस्पती काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि सगळं ऑर्किड कुळ सायटिस या आंतरराष्ट्रीय करारात येतं. कायदा बाजूला ठेवला तरी फांदीवरून खरवडलेल्या झाडाच्या मुळ्या सालीवरच राहतात आणि घरी येतो तो फक्त काड्यांचा जुडगा. आठवडी बाजारात किंवा घाटातल्या रस्त्यालगत कुणी असा जुडगा विकत असेल तर घेऊ नये, एवढं प्रत्येकाला करता येतं. पावडरीसारखं बारीक ऑर्किडचं बी प्रयोगशाळेत, बुरशीशिवाय रुजवण्याची पद्धत अमेरिकेत लुइस नडसन यानं १९२२ साली दाखवून दिली. तेव्हापासून रानातून ओरबाडायचं कारणच उरलेलं नाही. आपल्याकडेही सिक्कीममधल्या पाक्योंगला १९९६ पासून केंद्र सरकारचं राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र आहे.

खरेदीचा महिना कोणता? बहुतेक जण फुललेलं झाड बघून श्रावणात घेतात. फलटणसाठी फेब्रुवारी चांगला. झाड तेव्हा झोपेत असतं, पानं नसल्यानं कुरियरच्या खोक्यात मोडायला काही नसतं आणि ऊन तापायच्या आत त्याला नव्या जागेची सवय होते. खोकं उघडल्यावर आत चार वाळक्या काड्या दिसतील. विक्रेत्याला फोन करून भांडण्याआधी त्या दाबून बघाव्यात. टणक लागल्या तर माल चोख आहे.